दोन वचनांमधली जागा

यंदा कूलर माळ्यावरून खाली काढायला मी मुद्दाम उशीर केला. एप्रिल अर्धा सरला, दुपारी नळाला हात लावला की चटका बसू लागला, तरी मी टेबलफॅनवरच दिवस ढकलत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला सोसतंय म्हणून सगळ्या घरानं भाजून निघायचं का?" तिचंही खरं होतं. रविवारी कूलर पुसला, जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं, पाणी ओतलं आणि बटण दाबलं. ओल्या गवताचा वास घरभर झाला. पोरं समोर येऊन शर्ट वर करून उभी राहिली. आणि माझा हात, कुणीही न सांगता, पुन्हा बटणाकडे गेला. मी कूलर बंद केला. "आवाज येतोय," असं म्हणालोसुद्धा. बायको बघतच राहिली. घरात कुणीही काही वाचत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यानं माझ्या हाताला लावलेली ही सवय आहे. आवाज टिपायचा तर पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद. सव्वा महिना मी शहराच्या ऐन उन्हाळ्यात एका कोंदट खोलीत बसून होतो, आणि माझ्यासमोर एक म्हातारा माणूस बनियनवर बसून वाचत होता.

सॉफ्टवेअरचं काम करतो म्हटलं की लोकांना पुणं आठवतं. आमचं ऑफिस जालना रोडवर टायरच्या एका दुकानाच्या वर आहे. तीन टेबलं, एक माठ आणि खालून दिवसभर येणारा रबराचा वास. ज्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे प्रोग्राम लिहिणारं कुणी नसतं, त्यांच्यासाठी आम्ही एक साधन बनवतो. त्यांनी पवित्र शास्त्राचा मजकूर द्यायचा, वाचलेला आवाज द्यायचा, वर लावायला एखादं चित्र द्यायचं. आमचं साधन त्यातून मोबाईलचं ॲप तयार करून देतं. आवाज ज्या वचनावर, म्हणजे शास्त्रातल्या ज्या ओळीवर असेल, ते वचन पडद्यावर पिवळं होत जातं. काम एवढंच. दिसायला सोपं आणि करायला डोकं उठवणारं.

मी स्वतः त्यांच्यातला नाही. आम्ही सिल्लोडकडचे मेंढरंवाले. वडिलांच्या मागं अजून थोडी मेंढरं आहेत. आईला मी काय करतो हे समजलं तेव्हा तिनं फोनवरच विचारलं होतं, "सोपान्या, तुझ्यावर पाणीबिणी तर नाय ना शिंपडलं त्यांनी?"

"नाय गं आई," मी म्हणालो, "हितं आठ आठ दिवस नळाला पाणी नाय. शिंपडायला कुठून आणतील?"

ती हसली नाही. मला मात्र माझ्या विनोदाचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. त्या वेळी मला माझ्या बऱ्याच गोष्टींचं कौतुक वाटायचं.

माझ्यासमोर बसून वाचणाऱ्या त्या शांतवन गुरुजींनी करमाडच्या बाजूच्या गावांमधल्या शाळांतून अख्खी नोकरी काढली होती आणि निवृत्तीनंतर ते छावणीच्या मागं दोन खोल्यांत राहत होते. त्यांच्या मंडळीनं एक शुभवर्तमान आपल्या इकडच्या बोलीत आणलं होतं, ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यांसाठी. मजकूर गुरुजींनीच ओळ न् ओळ तपासला होता. वाचायला आवाज कुणाचा, हा प्रश्नच आला नाही. गुरुजी बोलायला लागले की चावडीवरची माणसं गप्प होत असत, असं मी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. पण होळीच्या सुमाराला तो आवाज बसला. सर्दीचा म्हणून आधी काढे झाले, मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल, आणि लवकर. गुरुजींनी तीन आठवडे मागून घेतले. "तेवढ्यात वाचून होतंय," ते म्हणाले. डॉक्टरांना ते आवडलं नाही. मला आवडलं, हे इथं कबूल करतो. माझ्याकडे पहिल्यांदाच आपल्या मातीतलं, मला स्वतःला कळणाऱ्या बोलीतलं काम आलं होतं आणि मला ते त्याच आवाजात हवं होतं.

मी शहागंजातून फोम आणला. काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, घरातल्या सगळ्या गोधड्या काढून दिल्या. आतल्या खोलीच्या चारही भिंतींवर आम्ही त्या टांगल्या. बाहेर मे महिना आणि आत आठ गोधड्या. गुरुजी सदरा घालत नसत, कारण कडक सदऱ्याची सळसळ माईकमध्ये येते. खांद्यावर ओला पंचा. घोटभर पाणी, मग एक वचन, मग पंचा तोंडावरून फिरवायचा. काकू दाराबाहेर स्टुलावर बसून असत, पाण्याचा तांब्या घेऊन. गल्लीत नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळ्या घरांच्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि आमचं काम बंद पडायचं. मग मी दारोदार फिरून सांगायचो, दहा मिनिटं थांबा हो, गुरुजी वाचतायत. लोक थांबायचेही. आठ दिवसांनी आलेलं पाणी सोडून मोटर बंद करणारी माणसं मी त्या गल्लीत पाहिली. ती सगळी काही ख्रिस्ती नव्हती.

आणि तरीही मी घोळ घातला.

आमचा प्रोग्राम शांततेवर चालायचा. आवाज दोन क्षण थांबला की एक वचन संपलं, असं तो धरायचा. आता गुरुजी पडले प्राथमिक शाळेचे मास्तर. सारा जन्म पोरांना शुद्धलेखन घातलेलं. चार शब्द म्हणायचे, थांबायचं, मागच्या बाकावरच्याची पाटी होऊ द्यायची, मग पुढचे चार शब्द. शास्त्रही ते तसंच वाचत होते. समोर पाटी घेतलेलं कुणी नव्हतं, तरी ते थांबत होते. मी सहा अध्याय होईपर्यंत एकदाही तपासून बघितलं नाही. बघितलं तेव्हा पडद्यावरचं पिवळं वचन गुरुजींच्या कितीतरी पुढं पळत होतं. एका वचनाचे तीन तीन तुकडे झाले होते.

प्रोग्राम दुरुस्त करायला मला आठवडा लागला असता. मी तो केला नाही. मी गुरुजींना म्हणालो, "सहा अध्याय परत वाचावे लागतील. आणि मधी थांबू नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात चुकलेल्या पोरानं बघावं तसे, एवढा मोठा माणूस. मग म्हणाले, "मधी थांबल्याबिगर ऐकणाऱ्याला कळंल का रं, सोपाना?"

शेवटी त्यांनीच तोड काढली. शाळेतली लाकडी पट्टी त्यांनी अजून जपून ठेवली होती. वचन सुरू करताना पट्टीचा एक ठोका टेबलावर, संपलं की दुसरा. दोन ठोक्यांच्या आत जे असेल ते शास्त्र, बाहेरचं सगळं टाकून द्यायचं. त्यांना हे फार पटलं. "शास्त्रात नाय ते एक अक्षरबी आत राहता कामा नये," त्यांनी मला बजावलं. "माझं खोकणं नको, पाणी पिणं नको. लोकांनी वचन ऐकावं, शांतवन मास्तर ऐकू नये." मीही तसंच केलं. ठोक्याच्या बाहेरचं सगळं कापायचं आणि दोन वचनांच्या मध्ये एक सेकंदाची कोरी शांतता भरायची. सगळीकडे सारखी. जुळवणी झाली की मूळ फाईल आपोआप पुसून जायची. प्रोग्राममधली ती ओळ मी स्वतः लिहिली होती. जागा वाचते म्हणून.

तीन आठवड्यांचे साडेपाच झाले. मोटरींनी दोन-चार दिवस खाल्ले, लग्नांच्या वरातींनी दोन-चार खाल्ले, पण सहा अध्याय परत वाचण्यात गेलेले दिवस माझे होते. त्या दिवसांत गुरुजींच्या घशात काय वाढत होतं, हे मला माहीत नाही. डॉक्टर पुढं म्हणाले की फरक पडलाच असता असं सांगता येत नाही. पडला नसता असंही ते म्हणाले नाहीत.

तरी त्या खोलीत आम्ही हसलोही. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली त्या दिवशी गुरुजींनी पट्टी खाली ठेवली. "सोपाना, तुझा बाप हरवलेल्या मेंढराला हाक कशी मारतो रं? खरी हाक. मला कळू दे म्हणजे मी तसा वाचीन." मी आधी लाजलो. मग घशातून ती वडिलांची हाक काढली. आठ गोधड्यांच्या खोलीत ती एवढी मोठी निघाली की काकू बाहेरून तांब्या टाकून धावत आल्या. "काय झालं? काय झालं?" गुरुजी हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले, आणि खोकला थांबल्यावर परत हसले. नंतर विचारलं, "मेंढरू वळतं का पण?" मी म्हणालो, "व्हय, आवाज वळखतं." त्यांनी मान हलवली, पट्टी उचलली, ठोका दिला, आणि ती गोष्ट अशी वाचली की मला गावाकडचं माळरान दिसलं. ती गोष्ट ॲपमध्ये आहे. ते हसणं नाही.

वाचून झालं आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. घरी आले तेव्हा गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी, आणि हातात शाळेची पाटी. बोलायचं ते पाटीवर. अक्षर तेच, वळणदार, फळ्यावर शोभेल असं. पण काकूंना वाचता येत नाही. "सगळ्या गावाला शिकवलं ह्यांनी," त्या मला म्हणाल्या, "मला शिकवायचं तेवढं राह्यलं. म्हणायचे, पुढच्या सुट्टीत." मी गेलो की मी वाचून दाखवायचो, शेजारच्या बाई वाचून दाखवायच्या. एरवी गुरुजी चित्रं काढत. पाण्यासाठी पेला. चहासाठी कप आणि वर वाफेच्या दोन रेघा. एकदा मी गेलो तर पाटीवर मोठं थोरलं काहीतरी लिहून गुरुजी झोपी गेले होते आणि काकू पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ती पुढं केली. लिहिलं होतं, 'तू जेवलीस का?' मी वाचलं. त्या म्हणाल्या, "कवाचं लिहिलंय. मी म्हणलं, काय हवंय कुणास ठाऊक." उत्तर द्यायला त्या आत बघू लागल्या, पण ते झोपलेलेच होते.

ॲप तयार झालं तेव्हा मी फोन घेऊन गेलो. गुरुजींनी डोळे मिटून आपलाच आवाज ऐकला. हात गळ्यावरच्या पट्टीवर होता. एक अध्याय झाल्यावर पाटी ओढून त्यांनी वहीवर मारतात तसा शेरा लिहिला, 'ठीक.' आणि खाली सही केली. थंडीत ते गेले.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला, शेजारच्या बाईंनी लावून दिलेला. ये म्हणाल्या. गेलो. गोधड्या पुन्हा घड्या होऊन खाटेवर आल्या होत्या. काकूंनी चहा केला.

"त्यात माझं नाव हाय का रं?" त्यांनी विचारलं.

मला समजलं नाही. शास्त्रात त्यांचं नाव कसं असेल?

"तू गल्लीत मोटरी बंद करायला सांगाय गेला होतास त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मशीन चालूच ठेवून गेला होतास. ह्यांनी दोन वचनं वाचली. मग पट्टी ठिवली न् मला हाक मारली. शेवंता म्हणले. जन्मात कधी नावानं हाक नाय मारली, सोपान. अगं, ऐकलं का, एवढंच. त्या दिशी म्हणले, शेवंता, हितं बस जरा."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. मी म्हणलं, मशीन चालू हाय, गप वाचा. तुझं काम बिघडंल म्हणून." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाय बसले मी. तवाच कळाय पायजे होतं, ह्यांना भ्या वाटत असंल. त्येच्यानंतर आवाज गेला, मग आमचं बोलणं असं नायच झालं. तेवढं मला एकदा ऐकीव."

मी तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो, काकू." आणि आठ दिवस खरंच बघत राहिलो. ऑफिसचा कॉम्प्युटर, माझा लॅपटॉप, कपाटातली जुनी डिस्क, आवाज टिपायच्या यंत्रातलं नखाएवढं कार्ड. पुसलेलं परत काढून देणारे प्रोग्राम असतात, तेही चालवले. ते कार्ड मधल्या काळात कॅमेऱ्यात घालून मी पोरांच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण केलं होतं. जिथं गुरुजींनी हाक मारली होती तिथं माझी मुलगी कोळीण होऊन नाचत होती. मी ते सगळं बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू मधेच कुठून तरी ऐकू येईल.

मी जाऊन खरं सांगितलं. पट्टीच्या ठोक्यांच्या बाहेरचं सगळं मी टाकलं, काकू. मूळचंही ठेवलं नाही. माझ्याच हातानं झालं. रडलो मी, त्या नाही रडल्या. त्या मला म्हणाल्या, "तुझा काय दोष? त्यांनीच सांगितलं व्हतं तुला, माझं काय ठिवू नको म्हणून." ह्या वाक्यानं मला मोकळं केलं असं कुणाला वाटेल. केलेलं नाही.

आता पुन्हा उन्हाळा आलाय. गेल्या आठवड्यात, कूलर काढायच्या आदल्या दिवशी, मी छावणीत गेलो होतो. काकूंच्या गुडघेदुखीनं फार उचल खाल्लीय. भिंतीला धरून धरून चालतात. दुपारची वेळ, आणि त्यांनी पंखा बंद ठेवला होता, खिडकी लावून घेतली होती. मी विचारलं, "वीज गेली का?" त्या म्हणाल्या, "वाचनाची येळ हाय." आतल्या खोलीत गुरुजींचं टेबल तसंच आहे. टेबलावर फोन उभा केलेला, आणि शेजारी ते बाहेरचं स्टूल आणून ठेवलेलं. शेजारच्या बाईंनी त्यांना तो अध्याय लावायला शिकवलाय. वचनं काकूंना ऐकून पाठ झालीत, त्यामुळे कुठली दोन वाचून पट्टी खाली ठेवली होती, ते त्यांना बरोबर माहीत आहे.

मी दारात उभा राहून बघितलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. गुरुजींचा आवाज वाचत होता, भरलेला, जरासा घोगरा. काकू भिंतीशी उभ्या होत्या. पहिलं वचन झालं, दुसरं झालं. आवाज थांबला, आणि काकू स्टुलाकडे निघाल्या. एक हात टेबलाला, एक हात गुडघ्याला. त्या अर्ध्या वाकल्या असतील तोवर तिसरं वचन सुरू झालं. त्या तशाच थांबल्या, मग पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांनी फोन बंद केला आणि माझ्याकडे वळल्या.

"सोपान, ही मधली जागा तू केलीस ना रं?"

"व्हय, काकू."

"थोडी वाढवून देता येती का?" त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं तेवढ्यात बसून होत नाय."

त्या जागेत काही नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. साधा श्वास नाही, गल्लीतली मोटर नाही. मीच भरलेला कोरेपणा आहे. शास्त्रात नसलेलं एक अक्षरही वाढवायचं नाही, असं मला बजावणाऱ्या माणसाच्या टेबलाशी मी उभा होतो, आणि मला वाटलं, हे तर अक्षरही नाही. मी लॅपटॉप उघडला. सगळ्यांचं ॲप आहे तसंच ठेवलं आणि काकूंच्या फोनपुरतं वेगळं करायला घेतलं. त्या एका जागेवर आलो. एक सेकंद लिहिलेलं होतं.

"किती करू, काकू?"

त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "थांब," म्हणाल्या, "मी चालून दाखिवते. तू मोज."